विस्तवाशी घाई नको

आपल्या समाजाच्या जीवनात डिसेंबर हा फार मोठा महिना आहे. 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी आपण बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती लावतो. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, तो दिवस आपण स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतो. आणि महिना संपता संपता भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी वस्त्यावस्त्यांतून गाड्या निघतात. या सगळ्या दिवसांत विस्तव कुठे ना कुठे असतोच. कधी ज्योत म्हणून, कधी निषेधाची ज्वाला म्हणून, तर कधी मुक्कामावर पेटवलेली तीन दगडांची चूल म्हणून.

गेल्या काही वर्षांत याच महिन्यात आणखी एक विस्तव आपल्या वस्त्यांत आला आहे. इमारतीच्या गच्चीवर, चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत, नाहीतर नदीकाठी सहलीला गेल्यावर पोरे कोळशाची शेगडी मांडतात आणि तिच्यावर कोंबडीचे तुकडे भाजतात. याला ती ‘बार्बेक्यू’ म्हणतात. पत्र्याची घडीची शेगडी आता बाजारात सहज मिळते, कोळशाची पिशवी मिळते, मसाला लावलेली कोंबडीही मिळते. मात्र विस्तव पेटवायचा कसा, हे शेगडीबरोबर कोणी शिकवत नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. पोरांनी एकत्र जमून काही भाजून खाल्ले, याला माझा विरोध नाही. निखाऱ्यावर भाजून खाणे आपल्याला नवीन नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी निखाऱ्यावर चान्या भाजल्या, बोंबील भाजले, कणसे आणि वांगी भाजली. त्या काळी ती हौस नव्हती, गरिबी होती. तेल नसायचे म्हणून भाजायचे. आज नातवंडे तेच हौसेने करतात, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. वाईट याचे वाटते की पदार्थ तेवढा नातवंडांपर्यंत पोहोचला आणि विस्तव हाताळण्याची आजीची अक्कल मध्येच कुठेतरी राहून गेली.

गच्चीवरची ती रात्र

2022 सालच्या 31 डिसेंबरची रात्र. कोरेगावला जाणारी आमच्या मंडळाची बस रात्री साडेअकराला सुटायची होती. मी खाली विहाराच्या दाराशी यादी घेऊन नावांवर खुणा करत उभा होतो. यादीत आमच्या इमारतीतल्या बावीस वर्षांच्या एका मुलाचे नाव होते. पोलीस भरतीची तयारी करणारा, पहाटे पाचला उठून धावणारा, निर्व्यसनी पोर. निघण्याआधी थोडे खाऊन घेऊ म्हणून तो चार मित्रांबरोबर गच्चीवर गेला होता.

त्यांनी नंतर सांगितले ते असे. कोळसा एकदा कागद घालून पेटवला होता, पण तो धरत नव्हता. वर पांढरी राख दिसत होती, धूर थांबला होता. विझला, असे सर्वांना वाटले. एकाने मोटारसायकलच्या टाकीतून नळी लावून पाण्याच्या बाटलीत अर्धी बाटली पेट्रोल काढून आणले. आमचा मुलगा शेगडीसमोर उकिडवा बसून पुठ्ठ्याने वारा घालत होता. मित्राने वरून पेट्रोल ओतले. राखेखाली निखारे जिवंत होते. भडका उडाला आणि धारेवरून चढत थेट बाटलीपर्यंत गेला. हातातली बाटली पेटल्यावर कोणीही करील तेच त्या मित्राने केले. त्याने ती फेकली. ती समोर बसलेल्याच्या अंगावर पडली.

आरडाओरडा ऐकून आम्ही वर धावलो. तोवर पोरांनी सतरंजी टाकून आग विझवली होती. पॉलिएस्टरची जर्सी वितळून त्याच्या मनगटांना चिकटली होती. कोणी टूथपेस्ट आणायला धावले, कोणी हळद, कोणी बर्फ. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी वर आल्या. त्यांनी एका रुग्णालयात आया म्हणून अठरा वर्षे काम केले आहे. त्या ओरडल्या, “काही लावू नका! पोराला टाकीच्या नळाखाली बसवा!” हात आणि चेहऱ्यावर त्यांनी घड्याळ लावून वीस मिनिटे पाणी सोडले. त्याची अंगठी आणि घड्याळ सूज चढण्याआधी काढून घेतले. चिकटलेली जर्सी ओढू दिली नाही, सुटे कापड तेवढे कापले. बाकीच्या अंगावर चादर टाकली, कारण डिसेंबरच्या थंडीत पोर कुडकुडत होते. मग धुतलेल्या स्वच्छ सुती कापडात हात सैल गुंडाळून त्याला रुग्णालयात नेले.

डॉक्टरांनी शरीराचा अठरा टक्के भाग भाजल्याचे सांगितले. हे टक्के कसे मोजतात, ते मला त्या रात्री कळले. रुग्णाचा स्वतःचा तळवा बोटांसकट म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का. डॉक्टर मावशींकडे पाहून म्हणाले, “पाणी तुम्ही घातलंत? चांगलं केलंत. नाहीतर जखम आणखी खोल गेली असती.” पाणी घालण्याने आधी भाजलेले बरे होत नाही, परंतु कातडीच्या आत साठलेली उष्णता पुढे नुकसान करत राहते, ते थांबते.

नशीब नव्हे, कारण

दुसऱ्या दिवसापासून वस्तीत दोन प्रकारची बोलणी सुरू झाली. काही जण म्हणाले, दारू पिऊन धिंगाणा चालला असणार, भोगा फळे. काही वयस्कर म्हणाले, पोराचे नशीब, मागच्या जन्मीचे काहीतरी असेल.

ही दोन्ही बोलणी मला तपासून पाहावीशी वाटली. पहिले म्हणजे दारू. आमचा मुलगा प्यायलेला नव्हता. पेट्रोल ओतणाराही प्यायलेला नव्हता. पाचव्या शीलात मद्याबरोबर ‘पमाद’ हा शब्द आहे, म्हणजे गाफीलपणा. दारूने गाफीलपणा येतो हे खरेच, आणि विस्तवाजवळ प्यायलेला माणूस नकोच. पण दारू न पिताही गाफील राहता येते. ‘ते पीत होते’ एवढे म्हटले की न पिणाऱ्याला वाटते, आपल्याला काही धोका नाही. पेट्रोल मात्र तोंडाचा वास घेऊन भडकत नाही.

दुसरे नशीब. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना बुद्धाच्या शिकवणीत बसत नाही, हे सविस्तर मांडले आहे. बुद्ध कार्यकारण सांगतो. कारण असेल तर परिणाम होतो, कारण काढून घेतले की परिणाम थांबतो. आगीइतके याचे सोपे उदाहरण दुसरे नाही. जळणारी वस्तू, हवा आणि उष्णता या तीन गोष्टी एकत्र आल्या की आग लागते. एक काढून घेतली की आग नाही.

मग त्या रात्री कारण काय होते? पेट्रोल आणि रॉकेल यांतला फरक पोरांना ठाऊक नव्हता. रॉकेलची पेट घेण्याजोगी वाफ व्हायला ते साधारण 35 ते 40 अंशांपर्यंत तापावे लागते. म्हणून जुन्या काळी आयाबाया चुलीत रॉकेलचा बोळा टाकत आणि बऱ्याचदा निभावून जात. तेही धोक्याचेच होते, आणि कित्येक जणी त्यात भाजल्याही. पेट्रोलची गोष्ट वेगळी. शून्याखाली सुमारे 40 अंशांपर्यंतच्या थंडीतही पेट्रोलची पेट घेईल अशी वाफ होत असते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि दिसत नाही. काडी ओढणाऱ्याला वाटते, मी शेगडी पेटवतोय. प्रत्यक्षात तो स्वतःच्या पायाभोवतीची हवा पेटवत असतो. रेशनचे रॉकेल बहुतेक घरांतून गेले आणि त्याची जागा पोरांनी पेट्रोलला दिली. पण रॉकेलची सवय पेट्रोलला चालत नाही. थिनर आणि स्पिरिट यांचेही तसेच. करोनाच्या साथीपासून घरोघरी आलेल्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलच असते. त्याची ज्वाला दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. विझले समजून माणूस पुन्हा ओततो आणि आग बाटलीत शिरते.

आजीची रीत

आमच्या इमारतीत ऐंशीच्या पुढच्या एक आजी आहेत. गावी आणि इथल्या झोपडीत मिळून त्यांनी पन्नासेक वर्षे चूल पेटवली. मी त्यांना विचारले, “आजी, तुम्ही विस्तव कसा लावायचा?” त्या हसल्या. म्हणाल्या, “त्यात काय विचारायचं रं? आदी बारीक, मग जाड. आन् मग गप बसायचं.”

यात सगळे आले. आधी बारीक म्हणजे चिपाडे, काटक्या, सुकलेली पाने, कागद. मग जाड म्हणजे गोवरी, लाकूड, कोळसा. आणि मग गप बसायचे. गच्चीवर सगळे बिघडले ते या शेवटच्या पायरीवर. कोळसा सावकाश धरतो. नीट पेटायला त्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. वर राखाडी साय आली की तो विझलेला नसतो, तेव्हाच तो भाजायला तयार झालेला असतो. पोरांनी जो विझला समजला, तो कोळसा खरे तर ऐन कामाला आला होता.

आमच्या मंडळाने आजींच्या रीतीला थोडी जोड देऊन काही नियम ठरवले आहेत. तेच येथे देतो.

शेगडी नेहमी उघड्यावर, सपाट जमिनीवर, हलणार नाही अशी ठेवावी. मंडपाचे कापड, विजेच्या तारा, उभ्या मोटारसायकली, गॅसचे सिलिंडर यांपासून ती लांब असावी. वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे ज्वाला आपल्या अंगावर येत नाही.

पेटवायला कागद, काटक्या आणि नारळाच्या शेंड्या पुरतात. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याची दोन्ही तोंडे कापून, खालच्या बाजूने भोके पाडून, तो शेगडीत उभा करावा. खाली कागद आणि वर कोळसा भरून कागद पेटवावा. धुराड्यासारखी हवा वर ओढली जाते आणि फुंकर न घालता कोळसा धरतो. डबा मग चिमट्याने किंवा जाड कापडाने उचलावा. पेट्रोल, थिनर, स्पिरिट, सॅनिटायझर यांतले काहीही ओतू नये. एकदा पेटवलेल्या शेगडीत, ती विझलेली दिसली तरी, कोणतेही द्रव इंधन टाकू नये. धरत नसेल तर आणखी काटक्या घालाव्यात.

अंगावर सुती कपडे असावेत. नायलॉन, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. ओढणी, पदर, लोंबती बाही आणि मोकळे केस बांधून घ्यावेत. शेगडीभोवती तीन-चार फुटांचे रिंगण आखावे आणि लहान मुलांना त्यात येऊ देऊ नये. चिमटा लांब दांड्याचा असावा. चरबी निखाऱ्यावर ठिबकून जाळ उठला, तर पाणी मारू नये. भाजायचे तुकडे बाजूला घ्यावेत, जाळ आपोआप बसतो. जवळ एक बादली वाळू आणि एक बादली पाणी आधी भरून ठेवावी. वाळू आगीसाठी, पाणी माणसासाठी.

शेगडी कधीही बंद खोलीत घेऊ नये. पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत ऊब यावी म्हणून खोलीत शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून झोपलेली अख्खी कुटुंबे सकाळी उठलेली नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. धूर नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये.

आणि शेवटचे म्हणजे राख. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. सकाळी अनवाणी खेळणारे पोर त्यावर पाय देते. म्हणून शेगडी थंड झाल्यावर राखेवर भरपूर पाणी ओतावे, ढवळावे, पुन्हा ओतावे. गरम राख कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात कधीही टाकू नये.

भाजल्यावर

कपड्याने पेट घेतला तर पळू नये. पळण्याने हवा मिळून ज्वाला वाढते. तिथेच खाली पडून तोंडावर हात घेऊन लोळावे. दुसऱ्याने जाड सुती गोधडी किंवा सतरंजी टाकून आग दाबावी.

आग विझल्यावर भाजलेल्या भागावर नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. लगेच जमले नाही तरी पहिल्या तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, अंड्याचा बलक, कोरफड यांतले काही लावू नये. जखम दूषित होते आणि डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. अंगठी, बांगड्या, घड्याळ लवकर काढावे. फोड फोडू नयेत. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, रुग्ण लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल, किंवा भाजलेला भाग तळव्यापेक्षा मोठा असेल, तर घरी थांबू नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. आगीसाठी 101 आहे, कोणत्याही संकटासाठी 112 आहे.

मुंबईत भायखळ्याचे मसीना रुग्णालय आणि नवी मुंबईत ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर येथे जळिताच्या उपचारांची खास सोय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जळिताचे उपचार येतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घरात एका जागी ठेवा आणि दोन्हींवरची नावे जुळतात का, ते आजच पाहा. कारकुनी करत असल्यामुळे सांगतो, एका अक्षराच्या फरकाने ऐनवेळी माणसाला किती खेटे पडतात, ते मी रोज पाहतो.

जळिताची नोंद पोलिसांत होते. त्याला घाबरून रुग्णालय टाळू नये. आमच्या मुलाच्या आईने मला विचारले होते, “दादा, काय लिहून देऊ? त्याच्या दोस्ताचं नाव घेऊ का नको?” मी म्हणालो, “वहिनी, घडलं तसंच सांगा. जास्त नको, कमी नको.” त्यांनी तसेच सांगितले. तो मित्र त्या दिवसापासून बेचाळीस दिवस रोज डबा घेऊन रुग्णालयात येत होता. सुरुवातीला वहिनी त्याच्याशी बोलत नव्हत्या. एके दिवशी त्यांनीच त्याला विचारले, “तू जेवलास का?” त्यानंतर दोघांनी आळीपाळीने रात्री काढल्या.

मुलाच्या मांडीची कातडी काढून हातांवर लावली. वर्षभर त्याने दाबाचे हातमोजे घातले आणि बोटांचे व्यायाम केले. पोलीस भरतीत गोळाफेक असते. त्याची उजव्या हाताची बोटे अजून गोळ्यावर पूर्ण मिटत नाहीत. त्याने तो नाद सोडला आणि आता तो लिपिकाच्या परीक्षेचा अभ्यास करतो. पेनाला कापड गुंडाळून जाड करून लिहितो.

भगिनींचा सवाल

या घटनेनंतर रविवारच्या वंदनेला जोडून आम्ही विहारात बैठक घेतली. गच्चीला कायमचे कुलूप लावावे, असा ठराव काही पुरुषांनी मांडला. तेव्हा महिला मंडळाच्या एक ताई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, “एक मुलगा भाजला म्हणून आज बैठक झाली, चांगलं झालं. पण आमच्या आया, मावश्या, वहिन्या स्टोव्हवर भाजल्या, तेव्हा कुठली बैठक झाली? ‘स्टोव्हचा भडका’ एवढं लिहून कागद बंद झाला. त्यातला कुठला भडका होता आणि कुठला भडकवलेला होता, ते कोणी विचारलं?”

सभागृह शांत झाले. त्यांचे म्हणणे खरे होते. विस्तवाजवळ आपल्या समाजात सर्वांत जास्त वेळ बाई असते आणि तिच्या भाजण्याला आपण अपघात म्हणून विसरतो. ज्या समाजाने 25 डिसेंबरला स्त्रीमुक्तीचा दिवस मानले, त्याने हे विसरून चालणार नाही. त्या बैठकीत ठरले की गच्चीला कुलूप लावायचे नाही, नियम लावायचे. आणि शिकवण फक्त पोरांना नाही, प्रत्येक घराला द्यायची. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलणे, रात्री रेग्युलेटर बंद करणे, वास आला तर दिव्याचे बटण न दाबता आधी खिडक्या उघडणे, हेही त्यात आले. आणि कुठल्याही घरात बाई भाजली तर मंडळाच्या दोन भगिनींनी तिला एकटीला भेटून विचारायचे, असे ठरले.

आणखी एक काम आम्ही हाती घेतले. मोठ्या जळितात रुग्णाची स्वतःची कातडी पुरत नाही, तेव्हा मृत व्यक्तीने दिलेल्या त्वचेने जखमा झाकतात. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत त्वचा दान करता येते. ती पातळ थरात काढतात, देह विद्रूप होत नाही, अंत्यविधीला अडचण येत नाही. आमच्या वस्तीतल्या अकरा जणांनी आपली इच्छा घरच्यांना लेखी दिली आहे. पहिले नाव त्या आजींचे आहे.

अप्पमाद

धम्मपदात अप्पमादावर एक स्वतंत्र वर्ग आहे. अप्पमाद म्हणजे जागरूकता, गाफील न राहणे. आपण हा शब्द वंदनेत ऐकतो आणि तो फार उंचावरचा, भिक्खूंच्या साधनेतला आहे असे समजतो. मला वाटते, तो शेगडीजवळही लागतो. काडी ओढण्याआधी एकदा आजूबाजूला पाहणे, कोळसा धरेपर्यंत वीस मिनिटे थांबणे, बादली आधी भरून ठेवणे हाही अप्पमादच आहे. त्याला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. थोडी सबुरी लागते.

येत्या डिसेंबरमध्ये प्रत्येक विहारात, वंदना झाल्यावर, फक्त अर्धा तास यासाठी काढावा, अशी माझी सर्व मंडळांना विनंती आहे. वस्तीतल्या एखाद्या आजीला बोलवा, एक शेगडी मांडा, आणि पोरांना तिच्या हाताने विस्तव लावताना पाहू द्या. आमच्याकडे गेली दोन वर्षे हा कार्यक्रम होतो. नियम वाचून दाखवतो तो आमचा तोच मुलगा. आणि डबा उभा करून कोळसा पेटवून दाखवतो तो त्याचा मित्र.

जयभीम! नमो बुद्धाय!